रुईमाळची वाकडी रेघ

रुईमाळच्या कॉलेज मैदानाची पूर्वेकडची रेघ वाकडी आहे. कोपऱ्यातल्या झेंड्यापासून ती चांगली सरळ निघते, मध्यरेषा ओलांडते आणि कडुलिंबापाशी येऊन बाहेरच्या अंगाला दीड फूट फुगते. मग पुन्हा ताळ्यावर येते. बाहेरगावचा संघ आला की बॅगा टाकता टाकता कुणाचं तरी लक्ष जातंच आणि हसणं सुरू होतं. चुन्याची फक्की मारणारा शुद्धीवर होता का, असं एखादा विचारतो. महादू कुरणे, म्हणजे इथले ग्राउंडमन, हा प्रश्न तीस वर्षं ऐकत आलेत आणि दरवेळी तितकेच चिडतात. "हसून झालं असंल तर बसा," म्हणतात, "आणि बूट चढवायच्या आधी ऐका." पाहुण्यांना ऐकावंच लागतं, कारण पाण्याच्या नळाची चावी महादूअण्णांच्या खिशात असते.

अण्णांनी ही हकीकत स्वतः पाहिलेली नाही. त्यांच्या वडिलांनी पाहिली, तेही इथले ग्राउंडमन होते. त्यामुळे सांगण्यात 'म्हणे' पुष्कळ येतं, पण अण्णांचा आवाज काही डळमळत नाही.

कॉलेज नवं होतं तेव्हा इथे नुसता मुरमाड माळ होता. रंगराव इंगवले नावाचे फुटबॉलचे सर आले. त्यांनी दोन उन्हाळे पोरांना घेऊन माळ खणला, स्वतः मुरमाच्या पाट्या वाहिल्या आणि मैदान उभं केलं. पहिल्या सामन्याच्या सकाळी सरांनी फक्कीचा डबा उचलला. सुतळी नाही, खुंट्या नाहीत. समोरच्या झेंड्यावर नजर लावली आणि चालत सुटले. मागे अशी सरळ रेघ पडली की पंच वाकून वाकून बघत राहिले, असे सांगतात. कुणीतरी सहज विचारलं, सर, इथे किती वर्षं काढणार? सर कडुलिंबाखाली उभे होते. म्हणाले, "माझ्या हातनं रेघ सरळ जाईल तवर. वाकडी गेली की शिट्टी ठेवली खाली. मला कुणी सांगायला यायची गरज न्हाई."

बोलणं हसण्यावारी गेलं असतं. पण रुईमाळात त्या लिंबाखाली दिलेला शब्द ग्रामदेवीपुढे दिल्यासारखाच मानतात. सरांनीही तो तसाच मानला. दर मोठ्या सामन्याच्या सकाळी रेघ मारून झाली की ते कप्तानाला विचारायचे, "कशी हाय?" त्या पहिल्या वर्षीचा कप्तान होता सदाशिव मगदूम. "सरळ हाय, सर," तो म्हणाला. पुढे सदाशिव त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, जिमखान्याचा प्रमुख झाला, तरी सर त्यालाच विचारायचे. तेवीस वर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

पण तेवीस वर्षांत गाव बदलतं. नदीपलीकडच्या कॉलेजाने रुईमाळला ओळीने चार वर्षं अंतिम सामन्यात हरवलं. सरांचा खेळ जुना झाला, असं पारावर बोलू लागले. त्यातच आदल्या वर्षी एक वाईट गोष्ट घडली. पलीकडच्या कोपऱ्यात आपला एक खेळाडू गुडघा धरून पडला होता आणि सर अलीकडून ओरडत राहिले, "ऊठ! पळ की!" पोराचा गुडघा निखळला होता. सर निर्दयी झालेत, असं लोक म्हणू लागले आणि त्या मुलाच्या आईने तर कॉलेजच्या फाटकात उभं राहून शिव्या घातल्या.

प्रकरण जिमखाना समितीपुढे आलं. समितीत पाच जण. दोघे म्हणाले, सरांना निरोप द्या, पोरांचं नुकसान होतंय. दोघे म्हणाले, ज्याने माळाचं मैदान केलं त्याला घालवायचं कुठल्या तोंडाने? पाचवा सदाशिव. अंतिम सामना रविवारी रुईमाळलाच होता आणि प्राचार्यांनी बजावलं की, जिंका किंवा हरा, सोमवारी मगदूमांनी आपलं मत द्यायचं आणि ते शेवटचं.

सदाशिवचा जीव टांगणीला लागला. सरांची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. जिमखान्यामागची एक खोली आणि हे मैदान एवढाच त्यांचा संसार. त्यांना काढायचं म्हणजे जायला सांगायचं तरी कुठे? आणि ठेवायचं म्हटलं तर त्या निखळलेल्या गुडघ्याचं उत्तर काय? ज्यांच्यासोबत आपण पाट्या वाहिल्या, त्यांच्यावर आपण मत द्यायचं, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

रविवारी दिवस उगवताच तो मैदानावर आला. सर नुकतीच पूर्वेकडची रेघ संपवत होते. सदाशिवने कोपऱ्यातून नजर टाकली आणि जागीच थिजला. रेघ लिंबापाशी बाहेर गेली होती, चांगली दीड फूट. त्याला क्षणात सगळं उमगलं. सरांना समोरचा झेंडाच दिसत नव्हता. मध्यरेषेपुढे लिंबाच्या खोडालाच झेंडा समजून ते तिकडे चालत गेले होते. झाड जवळ आल्यावर चूक कळली आणि अंदाजाने परत वळले होते. आणि त्या पडलेल्या पोरावर ते ओरडले, ते निर्दयपणाने नाही. त्यांना तो पडलेला दिसलाच नव्हता.

सर डबा घेऊन जवळ आले. हाताला, मिशांना फक्की लागली होती. "आलास व्हय, सदा?" ते म्हणाले. मग थांबले आणि नेहमीसारखं विचारलं, "कशी हाय?"

एका शब्दात सगळं संपलं असतं. सोमवारची सभा नको, मत नको; सरांनी स्वतःच्याच शब्दाने शिट्टी ठेवली असती आणि तीही दोघांतच. पण सदाशिवने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

"सरळ आहे, सर," तो म्हणाला. "सुतळी लावल्यासारखी."

सर खूश झाले. पश्चिमेच्या अंगाला त्यांचा बसायचा दगड होता, तिथे जाऊन बसले.

इथे अण्णा पाहुण्यांकडे असं बघतात, जणू त्यांच्यातलाच कुणीतरी खोटं बोललाय.

सदाशिवचा बेत साधा होता. सर उठून गेले की कुंचा घ्यायचा, तेवढा फुगवटा पुसायचा आणि सुतळी धरून नवी रेघ ओढायची. पण सर उठेनात. ऊन चढलं. "सर, दोन घास खाऊन या," तो म्हणाला. "सामन्याच्या दिवशी मी कधी जेवलोय रं?" सरांनी उलट विचारलं. बारा वाजले, एक वाजला. सदाशिव कुंचा घेऊन हळूच लिंबाकडे सरकला, तर मागून हाक आली, "कोण हाय तिकडं? रेघंवर पाय पडंल, बाजूला व्हा!" सरांना माणूस ओळखू येत नव्हता, पण काहीतरी हलतंय एवढं कळत होतं. सदाशिव कुंचा टाकून परत फिरला. दोन वाजता माणसं जमायला लागली आणि मग काहीच करता येईना.

साडेतीनला पंच मैदान बघायला निघाले. लिंबापाशी थांबले, खाली वाकले, भुवया चढवल्या. सदाशिव धावत गेला. "साहेब, मोठ्याने बोलू नका," त्याने हात जोडले. पंचांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं. रुईमाळचा कप्तान इलाही मुजावर रेघ बघून मान खाली घालून उभा राहिला. नदीपलीकडचा कप्तान म्हणाला, अर्ध्या वेळाने बाजू बदलणारच आहेत, मग आम्हाला काय फरक पडतो? ठरलं. जी रेघ आहे तीच रेघ. लिंबाखाली बसलेले लोक कुजबुजले, पण मैदान ओलांडून ती कुजबुज सरांच्या दगडापर्यंत गेली नाही.

असा सामना रुईमाळात पुन्हा झाला नाही, असे सांगतात. ना इकडे गोल, ना तिकडे. सर दगडावर बसून कानाने खेळ ऐकत होते, हे आता सदाशिवला कळत होतं. लाथेच्या आवाजावरून ते मान फिरवायचे. चेंडू पूर्वेच्या रेघेकडे गेला की सदाशिव श्वास धरायचा.

शेवटची चार मिनिटं उरली. इलाही चेंडू घेऊन लिंबाच्या अंगाने सुटला. चेंडू थोडा लांब गेला, बाहेर गेल्यासारखाच वाटला. पलीकडच्या बचाव करणाऱ्याने हात वर केला आणि तो थांबला. पण तिथे रेघ फुगलेली होती. चेंडू अजून आतच होता. इलाही थांबला नाही. त्याने तिथूनच चेंडू गोलसमोर उचलला आणि मधल्या पोराने डोक्याने आत घातला.

पंचांनी गोल दिला. रुईमाळ वेडं झालं, टोप्या उडाल्या. आणि त्या कल्लोळावरून पलीकडच्या गोटातून कुणीतरी ओरडलं, "रेघ वाकडी हाय! आंधळ्यानं मारलीया रेघ!" मग तेच शंभर तोंडांतून आलं.

सरांनी मान वर केली.

उरलेली मिनिटं कशी गेली ते कुणाला सांगता येत नाही. चार वर्षांनी रुईमाळ जिंकलं. लोक सरांना खांद्यावर घ्यायला धावले, तर सर उठून पायातल्या चपला काढत होते. गर्दीने वाट दिली. ते अनवाणी मैदान ओलांडून पूर्वेच्या कोपऱ्यात गेले, झेंड्याला हात लावला आणि रेघेवरून चालू लागले. पावलं तेवीस वर्षांच्या सवयीने सरळ पडत होती. लिंबापाशी थांबले, एक पाय उचलून तळव्यावरून हात फिरवला. तळव्याला फक्की नव्हती, नुसता मुरूम लागला होता. लोकांचा आवाज विरत विरत गेला.

"सदा," सर म्हणाले. "किती?"

"दीड फूट, सर."

"सकाळी दिसली हुती?"

सदाशिवने नुसती मान हलवली. मग सरांना ती दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "होय, सर."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली. मग मात्र सगळ्यांनी एकच गलका केला. सर, याच रेघेने जिंकवलं! सर, जाऊ नका! काल त्यांना काढायला निघालेले दोघे समितीवाले सगळ्यांत पुढे होते. गुडघा निखळलेल्या त्या मुलाच्या आईने तर पाय धरले, म्हणे.

"पोरं जिंकली," सर म्हणाले. "मी हरलो, ते सकाळीच. तू सांगितलं असतंस, सदा, तर दोघांतच हरलो असतो."

शिट्टी त्यांनी लिंबाच्या बुंध्याशी ठेवली. सोमवारची सभा झालीच नाही. खोली मात्र सदाशिवने सोडू दिली नाही. सर अखेरपर्यंत तिथेच राहिले आणि त्यांचं जेवण मगदूमांच्या घरून येत राहिलं. त्यानंतर सरांनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याला मात्र सरांचं ते वाक्य शेवटपर्यंत डाचत राहिलं. पुढच्या वर्षी सदाशिवने स्वतः डबा उचलला, लिंबापाशी रेघ तितकीच बाहेर नेली आणि नव्या प्रशिक्षकाला कप्तानासमोर उभं करून सांगितलं की हे असंच चालायचं.

आजही ते तसंच चालतं. पंच कुरकुर करतात, पाहुणे हसतात, कधी कधी बाहेरचे संघ तक्रारही देतात. पण मोसमाच्या पहिल्या सकाळी प्रशिक्षक सुतळीशिवाय रेघ मारतो, लिंबापाशी येऊन थांबतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, "कशी हाय?" कप्तानाने त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं असतं. महादूअण्णा नळाची चावी काढतात ती ते उत्तर ऐकल्यावरच.

"वाकडी आहे, सर. दीड फूट."