आवाज विकणारा राजपुत्र

एका राज्यात जमीन कमी आणि दरी जास्त होती. दरीच्या अलीकडे राजवाडा, पलीकडे शेतं, आणि मधे दोरांचे झुलते पूल. त्या राज्यात सोन्याला फारसं कोणी विचारत नसे, पण चांगला दोर वळणारा दिसला की राणीसुद्धा थांबून चौकशी करी. आणि तिथला दोर असा, की एकट्याच्या हाताला तो राहत नसे. एकाने या टोकाला पीळ भरावा, दुसऱ्याने शंभर पावलांवर त्या टोकाला उलटा पीळ भरावा, तरच तो टिके. एकट्याने वळलेला दोर सूर्य मावळला की आपोआप उलगडून जाई. का, ते विचारू नका. तिथे तसंच होतं.

म्हणून रीत पडली होती. मूल बारा वर्षांचं झालं की त्याला दोराचा जोडीदार नेमून द्यायचा, आणि ती जोडी मोडायची नाही. माळावर टोक धरलं की जोडीदार एकमेकांना अरे-तुरे करत, मग त्यातला एक राजाचा मुलगा का असेना. राजपुत्र अरिंजयाच्या वाट्याला दोर वळणाऱ्याची मुलगी कुंदा आली. अठरा पूर्ण व्हायच्या आत त्याला आपल्या पुलाचा दोर वळायचा होता. त्या पुलावरून पायी पलीकडे गेला की तो राजा व्हायचा.

पहिल्या दिवशी बापाने कुंदाला एवढंच सांगितलं, "टोक धरलंस की सोडायचं नाही. काही झालं तरी सोडायचं नाही." तिने ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं, हे पुढे कळेल.

चार वर्षं दोघं माळावर आली. अरिंजयाचा हात काही खास नव्हता, वाखाचे तंतू सारखे निसटायचे, बोटं सोलून निघायची. पण त्याचं तोंड कधी थांबत नसे. शंभर पावलांवरून तो ओरडून राजगुरूंच्या नकला करी, आणि कुंदा हसता हसता पिळाची मोजणी चुके. तीही त्याला तिथूनच झापे. त्या ओरडण्याची तिला इतकी सवय झाली की घरी बोलताना आई म्हणे, अगं हळू, मी बहिरी नाही. कुंदाचा त्याच्यावर जीव जडला होता. हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि त्याला तर नाहीच नाही.

मग राजा वारला. अरिंजय सोळा वर्षांचा होता. बापासाठी रडायला त्याला कोणी सवड दिली नाही. प्रधान बोलले, सेनापती बोलले, मावश्या आणि आत्या बोलल्या, राजगुरू तर सकाळी सुरू होत ते जेवणाला थांबत. राजाने असं वागावं, राजाने तसं बसावं. पोराचे कान किटले.

दरीच्या कपारीत एक मांत्रिक राहत असे. त्याच्या मधमाश्या निळ्या होत्या आणि त्यांचा मधही निळा. थेंबभर जिभेवर ठेवला की छातीतलं सगळं ओझं उतरे आणि एक दिवस माणूस हलका होऊन फिरे. गावातली आणखी काही पोरं त्याच्या दाराशी जात, पण राजपुत्र येईल अशी त्यालाही आशा नव्हती.

"मोबदला काय?" अरिंजयाने विचारलं.

"फार नाही," मांत्रिक म्हणाला. "तुझ्या कानातला एक आवाज. तो मला दे. त्या माणसाचं बोलणं तुला पुन्हा ऐकू येणार नाही, एवढंच."

अरिंजयाने राजगुरूंचा आवाज दिला. खरं सांगायचं तर त्या राज्यात कोणीही तोच दिला असता.

दुसऱ्या थेंबाला प्रधानाचा आवाज गेला, तिसऱ्याला सेनापतीचा. मग मावश्या आणि आत्या गेल्या. मग घोड्याचं खिंकाळणं गेलं, आणि ते गेलं तेव्हा तो तबेल्यात बराच वेळ उभा राहिला. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कपारीत गेला. आता मध मिळाला की आनंद होत नसे, नाही मिळाला की अंग कापे. एका सकाळी त्याने आईचा आवाज दिला. राणी सुवर्णमाला त्याच्यासमोर बसून बोलत राहिली आणि तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

माळावर तो यायचा बंद झाला. कुंदाने ते कोणाला कळू दिलं नाही. ती या टोकाला पीळ भरी, धावत शंभर पावलं जाई, त्या टोकाला उलटा पीळ भरी, पुन्हा धावत येई. कोणी विचारलं तर सांगे, राजपुत्र आत्ताच गेले, दोर छान होतोय. आणि सूर्य मावळला की तिच्या देखत तो दोर सळसळत उलगडे आणि वाखाचा ढीग होऊन पडे. रोज पडे. टोक सोडायचं नाही एवढंच तिला माहीत होतं, म्हणून ती एकटी दोन्ही टोकं धरत होती.

शेवटी अरिंजयाला कपारीपर्यंत चालवेना. त्याने दोन दिवस लागोपाठ कुंदाला बोलावणं धाडलं.

"एकच थेंब आणून दे, कुंदा. उद्यापासून दोराला हात लावतो."

"काल हेच म्हणाला होतास."

"काल खरंच तसं वाटलं होतं. आज नाही मिळाला तर मी राहत नाही. मग दोर कोणाबरोबर वळशील?"

ती गेली. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा मांत्रिकाने तिच्या हाती कुपी दिली आणि म्हणाला, "मोबदला तो देईल. त्याच्याकडे आता एकच आवाज शिल्लक आहे." कुंदाला त्याचा अर्थ लागला नाही. तिने कुपी नेली, स्वतःच्या हाताने त्याच्या ओठांना लावली. अरिंजयाने डोळे मिटले आणि पुटपुटला, "तिचा घे."

"उद्या येशील ना माळावर?" कुंदाने विचारलं.

तो तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत होता. तिने पुन्हा विचारलं, मग मोठ्याने विचारलं, मग माळावर ओरडायची तशी ओरडली. त्याने मान फिरवली. कुंदा तिथून उठली, आणि अंगणात येईपर्यंत तिला रडूही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर तिच्या वाखाच्या ढिगावर एक साळुंकी बसली होती. कुंदाला पाहताच ती राजगुरूंच्या आवाजात म्हणाली, "पाठ सरळ. अशी वाकून बसलीस तर दृष्टी अधू होते."

"तू कोण?"

"राजपुत्राने विकलेला पहिला आवाज. विकलेला प्रत्येक आवाज पक्षी होतो आणि मांत्रिकाच्या पिंजऱ्यात जातो. मी तिथे सात दिवस व्याकरण शिकवलं. आठव्या दिवशी त्याने मला हाकलून दिलं."

"माझाही आवाज तिथे आहे?"

"काल संध्याकाळी आला. गप्प बसून आहे," साळुंकी म्हणाली. "ते पक्षी परत मागता येतात. मांत्रिक तीन कामं सांगेल. ती केलीस तर त्याला पिंजरे उघडावे लागतात, तसं त्याला बंधन आहे."

कुंदा कपारीत गेली. मांत्रिक मोहळाखाली बसला होता. पिंजऱ्यांच्या ओळी भिंतीला टांगल्या होत्या, आणि शेवटच्या पिंजऱ्यात एक लहानसा राखी पक्षी चोच पंखात खुपसून बसला होता.

"माझी कढई विहिरीत पडली आहे," मांत्रिक म्हणाला. "पाण्याला स्पर्श न करता वर काढ."

कुंदाने कपारीतलं गवत उपटलं, एकटीनेच त्याचा दोर वळला आणि आकड्याला बांधून विहिरीत सोडला. एकटीचा दोर दिवस मावळेपर्यंतच टिकतो, पण तेवढा तिला पुरला. दुपारी कढई वर आली.

"हे मोहळ त्या पलीकडच्या झाडावर ने. एक माशी मरता कामा नये."

कुंदाने मोहळ दोन्ही हातांवर उचललं. निळ्या माश्या तिला कोपरापर्यंत डसल्या. हात सुजून उसासारखे झाले, तरी तिने ते झटकले नाहीत. चालत गेली, मोहळ फांदीला लावलं आणि परत येऊन उभी राहिली.

मांत्रिकाने तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्याला हसू आलं.

"तिसरं काम. माळावर जा. आपलं टोक धरून बस. त्याचं टोक त्याने स्वतः येऊन उचललं पाहिजे. तू त्याला आणायचं नाहीस, मध द्यायचा नाहीस, त्याच्या वाट्याचा पीळ भरायचा नाहीस."

"म्हणजे मी करायचं काय?"

"काहीच नाही," मांत्रिक म्हणाला. "तुझ्यासारख्यांना तेवढंच जमत नाही, मुली. म्हणून तर माझं चाललं आहे."

कुंदा माळावर येऊन बसली. सुजलेल्या हातांत आपलं टोक घेतलं. दुसरं टोक शंभर पावलांवर गवतात पडलं होतं. बापाने टोक सोडायचं नाही असं सांगितलं होतं. दोन्ही धर असं त्याने कधीच सांगितलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला तिला वर्ष लागलं.

पहिल्या दिवशी अरिंजयाने निरोप धाडला. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः भिंतीला धरत धरत आला, घामाने भिजलेला. "कुपी दे." तिने मान हलवली. तो रडला. मग त्याने तिला नको नको ते ऐकवलं. तू माझी कोणी नव्हतीस, म्हणाला, रीत होती म्हणून तुझ्याबरोबर उभा राहिलो. त्याचा आवाज तिला ऐकू येत होता, तिचा त्याला नाही. उत्तर द्यायचीही सोय नव्हती. सेवक त्याला उचलून घेऊन गेले.

मग तो अंथरुणाला खिळला. वैद्य उशापायथ्याशी बसले, काढे दिले, ओल्या फडक्याने अंग पुसलं. चौथ्या दिवशी राणी सुवर्णमाला अनवाणी माळावर आली.

"पोरी, एक थेंब आण. तो तळमळतोय, मला बघवत नाही."

"नाही, राणीसाहेब."

"तुझं त्याच्यावर काहीच प्रेम नाही का?"

कुंदाने खाली पाहिलं. ज्या गोष्टीची तिने इतक्या वर्षांत कोणापाशी वाच्यता केली नव्हती ती आता सांगून कोणाला खरी वाटणार होती? "वैद्यांना सोडू नका, राणीसाहेब," एवढंच ती म्हणाली. राणी निघून गेली. त्या दिवसापासून गावाने कुंदाकडे पाठ फिरवली. पाण्याला आलेल्या बायका तिला वळसा घालून जाऊ लागल्या. घरून आई भाकरी घेऊन येई, पण तीही तिच्याशेजारी फार वेळ बसत नसे. साळुंकीसुद्धा बोलायची थांबली. कुंदाला कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं. कितीदा तरी तिच्या मनात आलं, उठावं, धावत जावं, ते टोक आपणच उचलावं. हात तर शिवशिवत होते. ती बसून राहिली.

नवव्या दिवशी दुपारी गवतात काहीतरी हललं. अरिंजय येत होता. अर्धा झाला होता, पायात जोर नव्हता, बरोबर कोणी नव्हतं. वाटेत दोनदा तो खाली बसला. दुसऱ्यांदा तो बराच वेळ बसून राहिला. मग तो उठला, शंभर पावलांवर जाऊन वाकला आणि त्याने आपलं टोक उचललं.

कुंदाच्या हातातला वाख ताणला गेला. तिने सुलटा पीळ भरला. पलीकडून, थरथरत, अडखळत, उलटा पीळ आला.

त्याच क्षणी कपारीतल्या पिंजऱ्यांची दारं उघडली. निळ्या मधाचं पाणी झालं, साधं, प्यायचं पाणी, आणि माश्या रानात उडून गेल्या. मांत्रिक रिकाम्या पिंजऱ्यांमधून उठला आणि दरी उतरून जो गेला तो परत कोणाला दिसला नाही. पक्ष्यांचा थवा दरीवरून आला. गावातल्या पोरांचे पक्षी गावात उतरले, अरिंजयाचे माळावर. एकेक त्याच्या कानाशी जाई आणि नाहीसा होई. साळुंकी गेली. घोड्याचा गेला. राणीचा पक्षी कानात शिरला तेव्हा अरिंजयाने हातांत तोंड लपवलं, पण टोक पायाखाली दाबून धरलं. सगळ्यांत शेवटी तो राखी पक्षी आला.

आता तिचं बोलणं त्याला ऐकू जाणार होतं. नऊ दिवस तिने मनात किती गोड वाक्यं जुळवली होती. बरा आहेस ना, असं विचारणार होती. काळजी करू नकोस, असं म्हणणार होती. ती उभी राहिली, आणि शंभर पावलांवरून तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला तुझा राग आलाय, अरिंजय! तू मला विकलंस! माझ्या हातून मध पिऊन मलाच विकलंस!"

माळ घुमला. पाण्याला आलेल्या बायका थांबल्या. अरिंजय पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"पुन्हा बोल," तो ओरडला.

तिने पुन्हा ओरडून सांगितलं. सगळं सांगितलं, एकटीच्या दोराचं, धावण्याचं, सुजलेल्या हातांचं, आणि ओघात जे कधी सांगितलं नव्हतं तेही. त्याने सगळं ऐकून घेतलं. पीळ भरता भरता ऐकलं, एकदाही मधे बोलला नाही. सूर्य मावळला तेव्हा दोघं धास्तावून दोराकडे पाहत राहिली. दोर उलगडला नाही. हातभरच झाला होता, पूल व्हायला अजून कितीतरी दिवस लागणार होते.

"उद्या येशील?" कुंदाने विचारलं.

"उद्याचं मी बोलत नाही," अरिंजय म्हणाला. "सकाळी बघ."

सकाळी कुंदा माळावर आली तेव्हा तो आपल्या टोकापाशी उभा होता.