रोज एक कॅन पाणी

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात सर्जेराव नावाचा एक व्हॅनचालक होता. व्हॅन वीस वर्षांची. रोज तो आसपासची भाडी मारी आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या चार रुग्णांना घेऊन घाट उतरे, शहरातल्या दवाखान्यात नेई. भर घाटात इंजिन तापून गाडी बसली तर या चौघांचे काय, हीच त्याला काळजी असे. म्हणून रोज सकाळी, इंजिन गार असताना, तो रेडिएटरमध्ये न चुकता कॅनभर पाणी ओती. तापमानाचा काटा कधी लाल रेघेला शिवला नाही, याचा त्याला कोण अभिमान!

ज्यांच्या हाताखाली तो गाडीकाम शिकला, ते वृद्ध वस्ताद एकदा त्याच्यासोबत शहरात निघाले. पाणी भरून झाले, रुग्ण बसले. वस्तादांनी इंजिन चालू करायला लावले आणि खांद्यावरचा पांढराशुभ्र पंचा काढून गाडीखाली अंथरला. मग स्वस्थ बसून राहिले.

“वस्ताद, उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात हो,” सर्जेराव कळवळून म्हणाला.

“बस जरा.”

पंधराएक मिनिटांनी पंच्यावर तांबूस डाग उमटू लागले. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप टोकाशी चिरला होता. इंजिन तापले की तिथून थेंब थेंब पाणी निसटत होते.

वस्ताद म्हणाले, “पाणी टाकलंस, चांगलं केलंस. पण धड गाडीला रोज पाणी लागत नाही. ती रोज गाऱ्हाणं सांगत होती आणि तू रोज तिची समजूत घालत होतास. काट्यावर विसंबू नकोस. पाणी पार संपलं, तर कधी कधी तो जागचा हलतही नाही.”

सर्जेराव वरमला. तरी घड्याळाकडे बघत म्हणाला, “आज दोन कॅन जास्तीचे घेतो. पाइपाचं उद्या बघू.”

तेव्हा चार रुग्णांपैकी पुढच्या सीटवर बसलेल्या गोदाक्का बोलल्या. “माझे पाय सुजायचे बाबा. दोन वर्षं रोज रात्री तेल चोळून झोपायचे, सकाळी सूज उतरलेली असायची. ती येते कशानं, हे मी कुणाला विचारलंच नाही. आपली उतरतेय ना, मग झालं.”

सर्जेरावाने इंजिन बंद केले आणि ते गार झाल्यावर पाइपाचे चिरलेले टोक कापून पुन्हा बसवायला पाना काढून ठेवला.

“होऊ दे उशीर,” गोदाक्का म्हणाल्या. “आम्ही थांबतो.”