झेंडूच्या हाराखाली

यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. खाडीच्या उतारावरून होड्यांचे ट्रेलर तार गुंडाळत वर ओढायला दोन विंच होत्या. थोरली मोटारीवर चालणारी, धाकटी हाताने फिरवायची.

खंडेनवमीला मालक भास्कर तांडेलांनी थोरलीला झेंडूचा जाडजूड हार घातला. धाकटीच्या वाट्याला एकच फूल आलं.

"फूल राहू द्या मालक, माझ्या तारेला ग्रीस लावा," धाकटी म्हणाली.

तांडेल हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची तार पुसली, ग्रीस लावलं आणि घट्ट गुंडाळली. मग ते थोरलीकडे वळले.

"मला नको तो चिकटा! हार खराब होईल," थोरली फणकारली. पूजेचा हार काढायला तांडेलांचाही हात धजावला नाही. त्या ओल्या फुलांखाली तार गंजत राहिली.

कार्तिकी पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी, थोरली तांडेलांची होडी ओढत होती. अर्ध्या उतारावर कडकन आवाज झाला. तारेचा एक पदर तुटला, मग दुसरा!

"माझा आकडा अडकवा! लवकर!" धाकटी ओरडली.

तांडेलांची लेक जयवंती आकडा घेऊन धावली. आकडा ट्रेलरला अडकला आणि त्याच क्षणी थोरलीची तार तुटली. झेंडू उधळले, ट्रेलर वीतभर घसरला... आणि धाकटीचा खटका चाकाच्या दात्यांत बसला. खट्! ट्रेलर थांबला. मग खट् खट् खट् करत, घामाघूम जयवंतीच्या हातांनी, धाकटीने तो तसूतसूने वर आणला.

पुढच्या खंडेनवमीला तांडेल एका हातात हार, दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा घेऊन आले. नवी तार ल्यालेली थोरली लांबूनच ओरडली, "मालक, आधी डबा!"