साळूबाईचे काटे

फार वर्षांपूर्वी, डोंगरातून मेंढरांचे कळप जायचे आणि बोरीच्या झुडपांना त्यांची लोकर अडकून राहायची, तेव्हाची ही गोष्ट. तिथे साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिला विणकामाचं भारी वेड! सुयांची तर चिंताच नव्हती. पाठीवरचे दोन काटे उपटले की झालं.

पण नव्या रंगाची लोकर दिसली, की हातातलं काम काट्यांसकट कोपऱ्यात जायचं आणि नवे दोन काटे उपटले जायचे. माकडाची टोपी कानाशी अडली होती, खारीची शाल वीतभरच झाली होती.

"साळूमावशी, माझा चौथा मोजा कधी?" ससा रोज विचारायचा. "तीन पाय गरम न् एक गार, असा किती दिवस हिंडू?"

"होईल रे! हा तपकिरी रंग तर बघ. मुंगसाला गळपट्टा काय शोभेल!"

एकदा बिळापाशी लांडगा आला. साळूबाईने ऐटीत काटे फुलवले, पण पाठीवर उरले होते चारच. लांडगा आधी पोट धरून हसला, मग झेपावला. साळूबाई कशीबशी बिळात शिरली. तो कंटाळून जाईपर्यंत ती कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघत बसली. तिचे सगळे काटे तिथेच अडकले होते.

दुसऱ्या दिवशी ससा धावत आला. "मावशी, करडी लोकर! असा रंग कधी बघितलाच नसशील!"

साळूबाईने ढिगातून सशाचा अर्धवट मोजा ओढून काढला.

"ती तिकडे फांदीला अडकव," ती म्हणाली, "आणि तो गार पाय पुढे कर."