तिसऱ्या मजल्यावरची तपासणी

प्रमिला गायधनेला ऐन पस्तिशीत संधिवाताने धरलं आणि तिचं शिवणकाम सुटलं. आजारपणाच्या सरकारी पेन्शनसाठी तिला कचेरीत तपासणीला बोलावलं, तेही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. तिच्या दारावर दुरुस्ती मंजूर झाल्याचे वर्षावर्षाचे कागद चिकटवलेले होते. जावेचा खांदा धरून प्रमिला कशीबशी वर पोचली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि अर्ज बाजूला सारला. "तीन मजले चढून आलात. आजारी माणूस चढतो का? नामंजूर!"

"आणि आले नसते तर?"

"तर गैरहजर. तरी नामंजूरच."

प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग साहेब, या इमारतीत खरी आजारी एकटी तुमची लिफ्ट! ती जागची हलत नाही, तिला कुणी वर तपासणीला बोलावत नाही, आणि तिच्या उपचाराचा खर्च मात्र दरवर्षी बिनबोभाट मंजूर होतो!"

जिन्यात ताटकळलेले लोक आत घुसले. "बोला साहेब, कुठे गेला तो खर्च?"

साहेबांनी बाजूला सारलेला अर्ज पुन्हा पुढे ओढला. त्यावर मंजुरीची सही केली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीचं टेबल तळमजल्यावर आणलं.

त्या दिवशी मात्र मंजुरी घेऊन प्रमिला तिन्ही जिने उतरली. राग काही उतरला नाही.