भिवरेचा धोंडा

मोहरवाडीच्या तळ्यात उतरायला दोन वाटा आहेत. एक गुरांची, दुसरी कुंभारांची. दोन्हींच्या मध्ये गुडघाभर उंचीचा काळा धोंडा आहे. त्याला ना शेंदूर, ना हार. हा कोणता देव, असे पाहुणे विचारतात, तेव्हा म्हातारे हैबती गुरव मान हलवतात. "देव न्हाई. बाईमाणूस हुती," म्हणतात, आणि सावली बघून सांगायला बसतात.

फार मागे भिवरा कुंभारीण पंचांपुढे गेली, ती भांडायच्या तयारीने. एकट्या विधवेचे कोण ऐकणार, हसून वाटेला लावतील, असेच तिला वाटत होते. घडले भलतेच. तिने तोंड उघडण्याआधीच सगळे पंच तिच्या बाजूचे झाले होते.

अक्षय तृतीया तोंडावर आलेली. घरोघरी नव्या घागरी लागायच्या. भिवरेने अंगणभर कच्च्या घागरी वाळत घातल्या होत्या, आणि बसलिंग गवळ्याच्या म्हशींनी आत शिरून त्यांचा चिखल केला होता. वर्षाची कमाई ती तेवढीच. नुकसान भरून मिळाले नाही तर भट्टी पेटणार नव्हती, आणि चूलही.

बसलिंग परमुलखातला. त्याला इथली बोली धड येत नव्हती. "जनावरं पान्याला कुठनं जायची?" एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणे.

"आलात तिकडनंच," पाटील म्हणाले, आणि चावडी हसली. गवळ्यांच्या कुरणावर पाटलांचा डोळा होता म्हणे. ते भिवरेला म्हणाले, "ह्याला गावाबाहेर काढा, एवढंच उद्या सकाळी तळ्यावर चारचौघांत म्हण. पुढचं आम्ही बघतो."

घागरींचे काय, हे मात्र कोणीच बोलले नाही.

भिवरा घरी आली. सणाला थोड्या तरी घागरी व्हायला हव्यात म्हणून पाटी घेऊन ती दिवस मावळायच्या आत मातीला गेली. तळ्याच्या उतारावरची माती सर्वांत चिकट. सासूने दाखवलेली ती जागा भिवरा वर्षानुवर्षे खणत आली होती. त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर तिला म्हशींच्या खुरांचे ठसे दिसले. ते सरळ उताराने येत होते, काठाशी थबकत होते आणि तिथून तिच्या अंगणाकडे वळत होते. म्हशींनी वाट सोडली नव्हती. वाटच उरली नव्हती. भिवरेच्या खड्ड्याने ती गिळली होती.

ती रिकामी पाटी घेऊन परतली. गप्प बसावे, तर बसलिंगाची बायकामुले उघड्यावर पडणार. सांगावे, तर आपल्या घागरी बुडणार. असे सांगतात की त्या रात्री तिच्या घरात जेवण झाले नाही.

सकाळी सारा गाव तळ्यावर जमला. भिवरा धोंड्यावर चढली आणि आधी बसलिंगाची बाजू मांडली. त्याच्याकडून कोणी मांडली नसती इतकी नीट मांडली. खड्डा दाखवला, ठसे दाखवले.

पाटील चिडले. "भिवरा, तू हायेस तरी कुणाकडनं?"

"माज्याच कडनं, पाटीलबाबा. पर त्येचं खोटं पाडून माजं खरं कसं हुईल?"

ती खाली उतरली नाही. आता माझे ऐका, म्हणाली. वाट मी खणली, ती मीच भरून देईन. माती पलीकडून काढीन. पण म्हशी राखणे हे राखणाऱ्याचे काम. अंगणात शिरल्या तेव्हा तो झाडाखाली झोपला होता. माझ्या घागरी गेल्या, त्या मी सोडणार नाही. ह्या सणाची माती बसलिंगाने वाहावी, आणि वर्षभर भट्टीला गोवऱ्या त्याच्या गोठ्यातून याव्यात. तो गावातच राहील. गावाबाहेर गेला तर माझे कोण भरून देणार?

यावर लोक हसले, पण या वेळी बसलिंगही हसला. त्याने तिथल्या तिथे पाटी उचलली.

आजही मोहरवाडीत कोणाची तक्रार असली तर त्याने धोंड्यावर उभे राहून आधी समोरच्याची बाजू सांगायची. समोरचा "बरोबर" म्हणाला, की मग आपली. कित्येकांचा आवाज पहिल्याच भागात मऊ होतो, आणि ते तसेच खाली उतरू लागतात. तेव्हा गर्दीतली एखादी म्हातारी हटकते, "आरं, उतरतोस कुठं? तुजं राहिलंय की."