दिवाणजींनी निवडलेली नाव

हिरडगाव संस्थानात नदीवरच्या नावांचा कारभार चिमाक्का भोई पाहायची. नवा नावाडी ठेवायचा झाला की ती सगळ्या उमेदवारांना भर प्रवाहात नाव घालायला लावी आणि जो सरळ पैलतीराला लागेल त्यालाच ठेवी. दिवाण त्र्यंबकपंतांना हे खपत नव्हतं, कारण त्यांच्या मर्जीतला रंगराव या परीक्षेत पार खालच्या वळणापर्यंत वाहत गेला होता.

एकदा घाटावर महाराजांसमोरच पंत म्हणाले, "नावाडी सगळे सारखेच. वल्हंच तर मारायचं, त्यात डावं-उजवं काय करायचं? रंगरावाला ठेवून घ्या."

महाराज चिमाक्काकडे वळले. "फरक असतो म्हणतेस, तर आत्ता इथं मोजून दाखव."

तिला ठाऊक होतं, रंगरावाच्या हाती नाव गेली, तर गावची लेकरंबाळं बुडणार होती. नदी दुथडी भरून वाहत होती आणि पंतांना पलीकडे व्याह्यांकडे जायचं होतं.

चिमाक्काने हात जोडले. "पंत, दोन नावा तयार आहेत. एकीवर मी पारखलेला येसू आहे, दुसरीवर तुमचा रंगराव. हवी तीत बसा."

पंतांनी पाण्याकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि ते येसूच्या नावेत जाऊन बसले.

"झालं मोजून, महाराज!" चिमाक्का म्हणाली. "मला फरक मोजायला भर प्रवाह लागतो, पंतांनी तो काठावरच मोजला."

सगळा घाट हसला. "आजपासून नदीवरची भरती हिच्याच शब्दावर होईल," असं सांगून महाराज स्वतः त्या नावेत चढले. येसूकडून वल्हं मागून घेऊन, ताठ मानेनं चिमाक्काने नाव पाण्यात लोटली.